कुणी मुद्दाम ड्रोन फोडला तर: विम्याचा दावा आणि फोडणाऱ्याची जबाबदारी

पुण्यात तळजाई टेकडीवर कुणी हौसेने ड्रोन उडवतोय, कुणीतरी चिडून दगड भिरकावतो आणि ड्रोन खाली येतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: "विमा आहे ना, मिळतील पैसे" आणि "ज्याने फोडला त्याच्याकडून भरून घे." नुकसान एकच असल्याने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात असं वाटतं. पण विमा कंपनी पॉलिसीत काय लिहिलंय ते पाहते, तर कायदा फोडणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहतो.

आधी विमा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर थर्ड पार्टी विमा लागतो, आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी लागू केल्या आहेत. तुमच्या ड्रोनने दुसऱ्याचं डोकं किंवा काच फोडली तर तो कामाचा. तुमचाच ड्रोन कुणी फोडला तर त्यातून छदामही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या ड्रोनच्या नुकसानीचं, म्हणजे 'हल'चं, कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

ते असलं तरी एक मोठी अडचण उरते. गाडीच्या नेहमीच्या 'ओन डॅमेज' पॉलिसीत 'मॅलिशियस ॲक्ट', म्हणजे कुणी आकसाने केलेलं नुकसान, स्पष्टपणे समाविष्ट असतं. ड्रोनच्या पॉलिसीवर मात्र विमान-विम्याची छाप असू शकते, आणि त्या क्षेत्रात एव्हीएन ४८बी नावाचं कलम प्रचलित आहे. ते युद्ध, दंगल, संप यांच्यासोबत मॅलिशियस ॲक्ट आणि घातपातही वगळतं. गाडीला तारणारे शब्दच इथे ड्रोनला वाऱ्यावर सोडतात. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याच्या आधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, आणि हे कलम असेल तर जादा हप्ता भरून ते नुकसान परत कव्हरमध्ये घेता येतं का, हे लेखी विचारा.

आता फोडणारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ हे आगळिकीचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याचं. नुकसान करण्याचा हेतू, किंवा नुकसान होईल याची जाणीव, एवढं असलं की गुन्हा होतो. क्रिकेटचा चेंडू चुकून लागला तर आगळीक होत नाही. फार तर निष्काळजीपणाची दिवाणी भरपाई. नुकसान २० हजार ते १ लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण गुन्हा अदखलपात्र. म्हणजे चौकीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. हौशी ड्रोन बहुधा याच टप्प्यात येतात, म्हणून खरेदीचं बिल जपून ठेवा. १ लाख किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर गुन्हा दखलपात्र आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. शिक्षा झाली म्हणून पैसे आपोआप हातात येत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा, तोही तीन वर्षांच्या आत.

समोरचा म्हणेल, "ड्रोन आमच्या गॅलरीत डोकावत होता." हे हसण्यावारी नेऊ नये. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, जुन्नर भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची केवढी धास्ती होती, ते आठवा. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण केलं तर उडवणाराच न्याय संहितेच्या कलम ७७ खाली आरोपी होतो. तरीही स्वसंरक्षणाच्या हक्काला गरजेपुरतीच मर्यादा आहे. नुसता आवाजाचा राग त्यात बसत नाही.

तुम्ही स्वतः नियम मोडला असेल तर दोन्ही वाटा आणखी फाकतात. लोहगावला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए, पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा. पुण्यात कुठे उडवायचं ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा पाहूनच ठरवावं. परवानगी नसलेल्या जागी उडवलात म्हणून दगड मारणारा सुटत नाही, तुमच्यावर वेगळी कारवाई होते एवढंच. विमा कंपनी मात्र त्याच कारणावरून दावा नाकारू शकते, कारण कायदेशीर उड्डाण ही सहसा पॉलिसीची अट असते.

या दोन वाटा एका ठिकाणी मिळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. कंपनीने पैसे दिले की फोडणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. याला सब्रोगेशन म्हणतात. तुम्ही चौकीत बसून पाच हजारांवर मिटवलंत आणि "आता काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत, तर कंपनीची वसुलीची वाट तुम्हीच बंद केलेली असते. मग दावा अडतो. तडजोड जरूर करा, शेजाऱ्यांत तीच बरी. पण आधी कंपनीला कळवा, तिची लेखी संमती घ्या आणि मगच सही करा. एनसीची प्रत आणि व्हिडिओ जपून ठेवा, आणि फुटलेले भाग सर्वेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत हलवू नका. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे आणि तिथे फी लागत नाही.