पैठणच्या धरणाला जायकवाडी का म्हणतात?

हिवाळ्यात नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, बघायला येणारे काठावर उभे राहून हमखास विचारतात, हा तलाव किती जुना? पैठण सातवाहनांच्या राजधानीचे गाव, म्हणून पाणीही तितकेच जुने असणार असे वाटते. पण पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ची आणि लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976 चे.

खरा गुंता नावाचा आहे. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवरच्या धरणाचा पहिला आराखडा झाला, तो या गावाजवळचा. महाराष्ट्र झाल्यावर जागा बदलली आणि धरण सुमारे 100 किलोमीटर वरच्या अंगाला, पैठणला आले. धरण वर असले की कालवाही उंचावरून काढता येतो आणि जास्त रान भिजते, हा हिशेब त्यामागे होता. हिशेब बरोबरच होता. जागा सरकली, नाव मात्र जुनेच राहिले.

पण इथला मुलूख सपाट. पाणी खोल जाण्याऐवजी आडवे पसरले, सुमारे 55 किलोमीटर लांब आणि 27 किलोमीटर रुंद. गोदाकाठची काळी कसदार जमीन आणि नांदती गावे त्याखाली गेली. भिजलेल्या शिवारांचे हेक्टर आजही मोजून सांगितले जातात. उठलेल्या गावांची नावे सांगणारी म्हातारी माणसे कमी होत चालली आहेत. एवढी गावे बुडाली आणि धरणाला नाव लागले ते भलत्याच गावाचे, हे मनाला लागते.

पक्षी आले ते या उथळ पाण्यामुळेच. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पाणी ओसरले की चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्याच्या कडेला रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून गाळ चाळत असतो, आणि त्याच पट्ट्यात शेतकऱ्याची गाळपेर असते.

2005 च्या कायद्याने खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या धरणांत समन्यायी पाणीवाटप आले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला, तर वरच्या अंगाच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे पुढे ठरले. त्यावरून दर तुटीच्या वर्षी भांडण होते. जलाशयावरच्या तरंगत्या सौर पॅनेलचा वादही अलीकडे न्यायालयात गेला.

नाथषष्ठीला दिंड्या उतरतात त्या धरणाखालच्या वाळवंटात. वारकऱ्यांना स्नान करता यावे म्हणून पात्रात पाणी सोडा, अशी मागणी तेव्हा धरणाकडेच करावी लागते.