मानसिक आजाराचं दिव्यांग प्रमाणपत्र : सांगली जिल्ह्यात अर्ज कसा करायचा, टक्केवारी कशी ठरते

'इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीचं पत्र जोडलं तर सर्टिफिकेट लवकर होईल का?' असं काही नातेवाईक विचारतात. नाही होणार. ही सोसायटी म्हणजे देशभरातल्या मानसोपचारतज्ज्ञांची १९४७ साली स्थापन झालेली संघटना. परिषदा भरवणं, नियतकालिक काढणं, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणं ही तिची कामं. ती प्रमाणपत्र देत नाही आणि डॉक्टरांची नोंदणीही तिच्या हातात नाही, ती वैद्यक परिषदेकडे असते. तुमचे डॉक्टर तिचे सभासद असोत वा नसोत, अर्जाला काही फरक पडत नाही.

तरीही तिचा या कामाशी जवळचा संबंध आहे. बोर्डासमोर, म्हणजे सरकारी रुग्णालयात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर, टक्केवारी ज्या मापाने काढतात, ते 'आयडियाज' नावाचं माप या संघटनेच्या पुनर्वसन समितीने तयार केलं आणि केंद्र सरकारने २००२ मध्ये ते स्वीकारलं. म्हणून कागदपत्रांच्या आधी हे माप समजून घ्या, असं माझं सांगणं आहे. कागद काय, कुठलंही ई-सेवा केंद्र सांगेल.

यात चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम (नोकरी, घरकाम किंवा शिक्षण). प्रत्येकाला ० ते ४ गुण, त्रास जितका जास्त तितके गुण जास्त. आजार किती काळापासून आहे याचे आणखी जास्तीत जास्त ४. एकूण २०. बेरीज ७ झाली की ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते, ६ वर थांबली तर नाही. समजा स्वतःच्या काळजीला १, संबंधांना १, बोलण्याला ०, कामाला २ आणि काळाचे २ मिळाले, तर बेरीज ६. आता हाच मुलगा आई मागे लागल्याशिवाय चार-चार दिवस आंघोळीला उठत नसेल आणि हे डॉक्टरांपर्यंत पोचलंच नसेल, तर तो एक गुण तिथेच राहिला.

आणि तो राहतोच. बोर्डाच्या दिवशी आई पोराची दाढी करवते, त्याला इस्त्रीचा शर्ट घालते. डॉक्टरांनी विचारलं की म्हणते, 'तसा सगळं करतो हो, गुणी आहे.' चारचौघांत घरचं उघडं करायला जीव धजत नाही, हे कळतं. पण डॉक्टर रुग्णाइतकंच सांभाळणाऱ्या माणसाचंही ऐकून गुण देतात. त्यामुळे रोज सोबत राहणारी व्यक्तीच बरोबर न्या. वाढवून नको, झाकूनही नको. गोळ्या कोण देतं, शेवटचं काम कधी आणि का सुटलं, दुकानात पाठवलं तर हिशेब जमतो का, हे आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा.

पात्रता सोपी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार हा वेगळा प्रकार आहे, बौद्धिक अक्षमता वेगळा. फॉर्म भरताना यातच गडबड होते. केंद्रावरचा मुलगा घाईत भलत्याच पर्यायावर टिक करतो, म्हणून सबमिट करण्याआधी स्क्रीन स्वतः बघा. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात. संजय गांधी निराधार योजना आणि एसटीची सवलत त्यातच आली. कमी भरले तरी प्रमाणपत्र मिळतं, फक्त त्यासोबतचं दिव्यांग ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) पांढरं येतं. ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सरकारी शुल्क नाही, केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेईल तेवढेच. आधार (नसेल तर आधार नोंदणीची पावती), सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि उपचारांचे कागद लागतात. रुग्ण स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर कायदेशीर पालक करू शकतात. उपचारांचे कागद तारखेनुसार लावा, सगळ्यात जुनी चिठ्ठी वर. 'काळाचे' गुण त्यावरच ठरतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा मिरजेतला केसपेपर चुरगळला असला तरी टाकून देऊ नका.

पोर्टलवर जिल्हा सांगली निवडला की रुग्णालयांची नावं येतात. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल', बहुतेकांना माहीत असतंच. कुठलंही निवडा, पण मानसोपचारतज्ज्ञ बोर्डाला कोणत्या वारी बसतात हे आधी विचारून घ्या. जत-आटपाडीहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला 'साहेब आज रजेवर' ऐकायला लागणं फार जिवावर येतं.

२०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णालयाला तीन महिन्यांची मुदत आहे. दोन वर्षं काहीच झालं नाही तर अर्ज बाद होऊन नव्याने करावा लागतो, म्हणून नोंदणी क्रमांक टाकून अधूनमधून स्थिती बघत राहा. प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर आधी तुमचं म्हणणं ऐकणं आणि कारण लेखी देणं बंधनकारक आहे. ते लेखी कारण मागून घ्याच, कारण कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करताना तेच जोडावं लागतं. आजारात पुढे फरक पडण्यासारखा असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचंच मिळतं. त्यावरची तारीख बघून ठेवा आणि ती उलटायच्या आधीच पुन्हा तपासणीला जा.