ज्येष्ठांच्या दीर्घकालीन देखभालीचा नवा प्रयोग: नाशिकमधून केंद्राच्या निधीसाठी अर्ज कसा करावा

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे रोज दोन तास जाऊन अंघोळ-कपडे करणारी सेविका, स्मृतिभ्रंश झालेल्यांना सकाळी नेऊन संध्याकाळी घरी सोडणारे केंद्र, इंदिरानगरमधल्या चार सोसायट्यांनी मिळून ठेवलेली एक परिचारिका. असा काही प्रयोग सरकारी पैशावर करून पाहायचा, तर आधी प्रस्ताव लिहायला बसू नका. अर्जदार कोण, हे आधी ठरवा: विश्वस्त संस्था की कंपनी? दोघांसाठी दारे वेगळी आहेत, आणि एकाच्या कागदांवर दुसऱ्याला आत घेत नाहीत.

दोन्ही दारे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अटल वयो अभ्युदय योजनेत आहेत. कंपनीसाठी जून २०२१ मध्ये जाहीर झालेला ‘सेज’ (सीनियरकेअर एजिंग ग्रोथ इंजिन) उपक्रम, तर सेवाभावी संस्थेसाठी ‘आयपीएसआरसी’, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम.

कंपनी असेल तर

सेजमधला पैसा अनुदान नाही, भांडवल आहे. सरकार तुमच्या कंपनीचे शेअर घेते. एका प्रकल्पाला एकदाच, कमाल १ कोटी रुपये. आणि कंपनीतला सरकारचा एकूण हिस्सा ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. बरेच जण हे वाचतात आणि पुढे जातात, पण गणित इथेच अडते. पूर्ण १ कोटी हवे असतील, तर पैसे आल्यानंतरचे कंपनीचे मूल्यांकन किमान २ कोटी ४ लाखांच्या पुढे हवे, म्हणजे आजचे मूल्य साधारण १ कोटी ४ लाख. संगणक, चाकाच्या खुर्च्यांची जोडी आणि एक अॅप एवढ्यावर ते मूल्य दाखवता येणार नसेल, तर मागणी कमी करा. १ कोटीसाठी फक्त २० टक्के हिस्सा सोडायचा, तर मूल्यांकन ५ कोटी लागेल.

एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला, शेअर नसतात, म्हणून नोंदणी प्रायव्हेट लिमिटेडच हवी. स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची, मान्यता आधी काढून ठेवा. ती स्थापनेपासून दहा वर्षांच्या आतच मिळते. सोबत स्थापनेचे प्रमाणपत्र, भागधारकांची यादी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि प्रकल्प अहवाल तयार हवा. निवड झाल्यावर मूल्यांकन अहवाल आणि शेअर वाटपाचे काम येते. वाटपानंतर त्याची माहिती कंपनी निबंधकाला देणारा पीएएस-३ हा फॉर्म १५ दिवसांत भरायचा असतो, त्यामुळे कंपनी सेक्रेटरी शोधण्याचे काम निवडीनंतर सुरू करू नये.

संस्था असेल तर

आयपीएसआरसीत घटक ठरलेले आहेत: निराधार ज्येष्ठांसाठी निवासगृह, गंभीर आजारी किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी सतत देखभालगृह, फिरते वैद्यकीय पथक, भौतिकोपचार केंद्र वगैरे. खर्चाचे दरही घटकागणिक ठरलेले. “आमचे काम आजवरच्या कशातच बसत नाही” असे मोठ्या अभिमानाने लिहिलेला प्रस्ताव म्हणूनच मागे पडतो. न बसणाऱ्या कामाला दरच नसतो. नवेपणा घटकाच्या पोटात ठेवा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जायचे असेल, तर घटक फिरत्या पथकाचा घ्या आणि घरच्यांना कूस बदलायला, जखम तपासायला शिकवण्याची तुमची पद्धत त्यात मांडा.

पात्रता सोपी दिसते: नोंदणीला किमान दोन वर्षे झालेली, नफ्यासाठी न चालणारी संस्था, रीतसर कार्यकारिणी. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर होतो आणि त्याआधी नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरचा क्रमांक लागतो. खरी रखडपट्टी असते ती दर्पणवरची नावे आणि धर्मादाय कार्यालयातली नावे जुळवताना.

आपल्याकडच्या बहुतेक संस्थांना दोन क्रमांक असतात. एक १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, ‘महा’ने सुरू होणारा, दुसरा सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचा, ‘एफ’ने सुरू होणारा. अर्जात दोन्ही द्या. आता परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीचा, ताजा प्रमाणित उतारा हातात घ्या आणि विश्वस्तांची नावे वाचा. अध्यक्ष आठ वर्षांपूर्वी वारले, सचिव दोनदा बदलले, आणि उताऱ्यावर अजून जुनीच मंडळी, हे फार ठिकाणी सापडते. बदल झाल्यापासून ९० दिवसांत विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलाच नाही, किंवा दिला पण मंजूर झाला नाही, तर दर्पणवर तुम्ही भरलेले सचिव कागदोपत्री सचिव ठरत नाहीत. बदल अर्ज मंजूर व्हायला महिने जातात. म्हणून हे काम पहिले, प्रकल्प अहवाल नंतर.

त्याच बैठकीत संस्थेच्या घटनेतले उद्देश वाचा. ‘शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य’ एवढेच असेल आणि वृद्धसेवेचा शब्द नसेल, तर घटनादुरुस्ती करून घ्यावी लागेल. पॅनवरचे नाव, बँक खात्यावरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव अक्षरशः एक हवे. ‘प्रतिष्ठान’ आणि ‘फाउंडेशन’ आपल्याला एकच, पोर्टलला नाही.

हिशेबाच्या कागदांत परिशिष्ट ८ (ताळेबंद), परिशिष्ट ९ (उत्पन्न-खर्च) आणि लेखापरीक्षकाचा अहवाल. ३१ मार्चला वर्ष संपले की सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे. वृद्धांसाठी केलेला खर्च ‘इतर सामाजिक कार्य’ या ओळीत दडपलेला असेल, तर अनुभवाचा पुरावाच उरत नाही. लेखापरीक्षकाला तो वेगळा दाखवायला सांगा. आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणीची मुदतही याच वेळी तपासा.

तपासणीसाठी कुठे जायचे यातही गोंधळ होतो. जिल्हा परिषदेतले जिल्हा समाजकल्याण अधिकारी वेगळे आणि नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनातले सहायक आयुक्त, समाजकल्याण वेगळे. ज्येष्ठांच्या योजनांची चौकशी सहायक आयुक्तांकडे करा. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे झाले, असे नाही. जिल्हास्तरावरची तपासणी आणि राज्याची शिफारस होईपर्यंत तो दिल्लीत विचाराला येत नाही.

जागा

तपासायला येणारा माणूस पहिल्यांदा पायऱ्या पाहतो. पंचवटीतला जुना वाडा स्वस्त मिळेल, पण वरच्या माळ्यावर खाट चढवणे हेच संकट. उताराचे प्रमाण १ ला १२ असते: जोते दोन फूट उंच असेल, तर रॅम्प २४ फूट लांब लागतो. पाच फुटांत बसवलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी, त्यावरून चाकाची खुर्ची ढकलता येत नाही. दरवाजा ९० सेंटिमीटर मोकळा हवा, विशेषतः संडासाचा. नेमका तोच सगळ्यात अरुंद असतो.

भाड्याची जागा असेल तर नेहमीचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नडतो, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आधीच तो संपलेला असतो. तीन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करा. अग्निशमन यंत्रणेचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै, असे वर्षातून दोनदा द्यायचे असते. एकदा एनओसी मिळाली की विसरू नका. खाटा ठेवून उपचारही करणार असाल, तर शुश्रूषागृह नोंदणीचा प्रश्न येतो. महापालिका हद्दीत त्यासाठी पालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे जा.

‘प्रयोग’ कसा मांडायचा

देशात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, हे प्रस्तावात एका ओळीत येऊ द्या. त्यापुढे तुमच्या वॉर्डातली चाळीस घरे मांडा: वय, सोबत कोण राहते, रात्री कोण उठते. सुरुवातीलाच प्रत्येकाची नोंद सहा कामांवर घ्या: अंघोळ, कपडे, संडासला जाणे, उठून बसणे-चालणे, मल-मूत्रावर ताबा, जेवण. प्रत्येक काम स्वतः करता येते की मदत लागते, एवढेच. हीच नोंद सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. सुरुवातीची नोंद राहून गेली, तर वर्षाअखेरी फोटो आणि आभारपत्रांखेरीज हातात काही नसते.

या नोंदी संशोधन म्हणून छापायच्या असतील, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची मान्यता काम सुरू होण्याआधी घ्यावी लागते, मागाहून मिळत नाही. ज्याला संमतीचा अर्थच उमजत नाही अशा माणसाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. अंगठा घेऊन मोकळे होऊ नका.

पैसे आल्यावर

संस्थेने अनुदान वेगळ्या खात्यात ठेवावे आणि पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या केंद्राच्या प्रणालीवर, तेच खाते नोंदवावे. खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यायचे. ते अडले की पुढचा हप्ता अडतो. उरलेल्या रकमेवर बँकेने दिलेले व्याज संस्थेचे नाही, हिशेब पुरा झाला की ते सरकारजमा करावे लागते. ते औषधांवर खर्चले तरी लेखापरीक्षणात वसुली निघते.