‘मनावर घेतलं की वजन उतरतं’ हे खरं नाही

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना घराघरांत ऐकवलं जातं, ‘जरा मनावर घे, जिभेवर ताबा ठेव, वजन उतरेल.’ म्हणजे दोष एकट्या लेकराचा. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलं लाजेनं कुढतात.

१४६ देशांच्या २०१६ पर्यंतच्या पाहणीत ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं रोज तासभरसुद्धा पुरेशी हालचाल करत नव्हती. इतकी सगळी मुलं आळशी कशी असतील?

उत्तर फ्रान्समधल्या फ्लर्बे आणि लावांती या दोन छोट्या गावांनी दिलं, थोड्या लहान म्हणजे ५ ते १२ वर्षांच्या मुलांबाबत. १९९२ मध्ये तिथं शाळांत आहाराचे धडे सुरू झाले. मुलं शिकली, पण सुरुवातीची काही वर्षं जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण वाढतच राहिलं. पुढं अख्खं गाव कामाला लागलं: आहारतज्ज्ञ, डॉक्टर, दुकानदार, खेळाच्या संस्था, पालक. २००४ मध्ये तिथं जादा वजनाची मुलं ८.८ टक्के होती, तुलनेच्या गावांत १७.८ टक्के. याच धर्तीवर त्या वर्षी आणखी दहा फ्रेंच शहरांत काम सुरू झालं.

किराणा पोरं भरत नाहीत. स्वयंपाक काय करायचा, रात्री किती वाजता जेवायचं, शिकवणीतून खेळायला वेळ उरतो का, हे मोठी माणसं ठरवतात. म्हणून वजन उतरवण्याच्या कुठल्याही कार्यक्रमाला मुलाला एकट्याला धाडू नका. आई-बाबांनी, जमलं तर आजीनंही, सोबत जावं.