कोळशाच्या कोठारातली मुलगी: मॅग्डालीन लाँड्र्यांची पार्श्वभूमी

१९८५ सालचा नाताळ तोंडावर आलेला आहे. आयर्लंडमधील न्यू रॉस या गावचा कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग भल्या पहाटे लाँड्री चालवणाऱ्या जोगिणींच्या (कॅथलिक नन्सच्या) मठात माल पोचवायला जातो, कोठाराची कडी काढतो, आणि आत कोंडून ठेवलेली एक मुलगी त्याला दिसते. आपल्या तान्ह्या बाळाचे काय झाले, एवढेच ती त्याला विचारायला सांगते. क्लेअर कीगन यांच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) या लघुकादंबरीतील हा प्रसंग आहे. ती २०२२ मध्ये बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती, आणि किलियन मर्फी यांची प्रमुख भूमिका असलेल्या तिच्यावरील चित्रपटाने २०२४ च्या बर्लिन महोत्सवाची सुरुवात झाली. ही मुलगी त्या कोठारात कशी आली, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर लेडी अरबेला डेनी या प्रोटेस्टंट बाईंनी १७६७ मध्ये ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रय उघडला. अशा संस्थांना ‘मॅग्डालीन’ हे नाव मिळाले ते येशूची अनुयायी मग्दालिया मरीया हिच्यावरून, जिला चर्चच्या परंपरेने पश्चात्तापदग्ध वेश्या ठरवले. बायबलमधील शुभवर्तमानांत तसे कुठेही म्हटलेले नाही. एकोणिसाव्या शतकात या संस्था मुख्यतः कॅथलिक जोगिणींच्या हाती गेल्या, मुक्काम लांबत गेले आणि आश्रयाला लाँड्रीचे रूप आले. १९२२ मध्ये आयर्लंडला स्वतःचे राज्य मिळाले, त्यानंतर चार धर्मसंघांच्या अशा दहा लाँड्र्या चालू राहिल्या. तिथे केवळ अविवाहित माता येत असत असे नाही. अनाथालयातून आणि औद्योगिक शाळांतून बाहेर पडलेल्या मुली, न्यायालयाने पाठवलेल्या स्त्रिया, घरच्यांना नकोशा झालेल्या किंवा मतिमंद ठरवलेल्या मुली, अशा सगळ्यांना तिथे आणून सोडले जाई. अनेकींना आल्याबरोबर दुसरे नाव दिले जाई. रुग्णालये, हॉटेले, शाळा आणि सरकारी खाती यांचे कपडे त्या धूत, पिळत, इस्त्री करीत, आणि त्या कामाची मजुरी त्यांना मिळत नसे.

हे साहित्यात इतक्या उशिरा का आले? १९२९ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये पुस्तकांवर कडक सेन्सॉरशिप आली होती. आयरिश लेखिका एडना ओब्रायन यांच्या १९६० मधील पहिल्या कादंबरीवर बंदी आली. ‘द डार्क’ (१९६५) या कादंबरीवर बंदी आल्यावर तिचे लेखक जॉन मॅकगॅहर्न यांची शिक्षकाची नोकरीही गेली. तरुणपणी गॉलवेच्या लाँड्रीत काही काळ नवदीक्षित जोगीण म्हणून राहिलेल्या पॅट्रिशिया बर्क ब्रोगन यांचे ‘एक्लिप्स्ड’ हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा १९९२ साल उजाडले होते. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागातील एका मठाने आपली जमीन विकली. तिथल्या लाँड्रीतील स्त्रियांच्या दफनभूमीतून १३३ मृतदेह हलवण्याची परवानगी घेतलेली होती, प्रत्यक्षात निघाले १५५, आणि त्यांतील अनेकींच्या मृत्यूची नोंदच झालेली नव्हती. माझ्या मते खरी कलाटणी इथे मिळाली, कारण यानंतर कुणालाही या बायका नव्हत्याच असे म्हणता येईना. पीटर मुलन या स्कॉटिश दिग्दर्शकाच्या ‘द मॅग्डालीन सिस्टर्स’ने २००२ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार जिंकला आणि ही गोष्ट जगभर पोचली.

राज्याची कबुली त्याहून उशिरा आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारी समितीच्या अहवालाने १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया या लाँड्र्यांत गेल्याचे मान्य केले, आणि ज्यांच्या प्रवेशाचा मार्ग ठाऊक होता त्यांतील चौथाईहून थोड्या अधिक प्रकरणांत सरकारचा हात असल्याचे नोंदवले. त्याच महिन्यात पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली.

मुलन यांचा चित्रपट भिंतीच्या आत राहतो आणि जोगिणींचे क्रौर्य दाखवतो. कीगन भिंतीबाहेर, गावात उभ्या राहतात, आणि मला त्यांचे काम अधिक कठीण वाटते. फर्लाँग स्वतः अविवाहित आईचा मुलगा आहे. ती ज्या विधवा बाईंकडे मोलकरीण होती त्यांनी तिला घराबाहेर काढले नाही, म्हणून तो त्या भिंतींपासून दूर वाढला. आता त्याला पाच मुली आहेत, गावातली मुलींची चांगली शाळा त्याच जोगिणींच्या हातात आहे, आणि त्यांच्याशी वाकड्यात शिरू नकोस असे खाणावळवाली बाई त्याला आपुलकीने सांगते. लाँड्रीतले कपडे गावाचे असतात, तिथला कोळसाही गावातूनच जातो.

न्यू रॉसमधील खरी लाँड्री १९६७ मध्येच बंद झाली होती. लेखिकेने ती आणखी अठरा वर्षे चालू ठेवली, यात काळाचा विपर्यास झाला असे मला वाटत नाही. गॉलवेची लाँड्री १९८४ पर्यंत, लिमरिकची १९९० पर्यंत चालू होती. डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवरील शेवटची लाँड्री बंद झाली ती २५ ऑक्टोबर १९९६ रोजी.