शिष्यत्व व नेतृत्वघडण : जिनीव्हाची रिफॉर्म्ड मंडळी

श्रद्धावंताची घडण बालपणी सुरू होऊन आयुष्यभर चालावी आणि मंडळीचे (म्हणजे चर्चचे) पुढारीही त्याच शिस्तीखाली राहावेत, ही रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील व्यवस्था सोळाव्या शतकात जिनीव्हा येथे आकाराला आली. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) सप्टेंबर १५४१ मध्ये त्या नगरात परतले आणि नोव्हेंबरमध्ये नगराने मंडळीची नियमावली मंजूर केली. तीत उपदेश करणारे पाळक, शिक्षक, लोकांच्या आचरणावर देखरेख ठेवणारे ‘वडील’ आणि गोरगरिबांची व आजाऱ्यांची काळजी वाहणारे डीकन अशी चार पदे होती.

रविवारी दुपारी बारा वाजता मुले चर्चमध्ये जमत व प्रश्नोत्तरी शिकत. मानवी जीवनाचा मुख्य हेतू कोणता, हा तिचा पहिला प्रश्न आणि देवाला ओळखणे, हे त्याचे उत्तर. मंडळीसमोर विश्वासाचा अंगीकार केल्यावाचून मुलाला प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याच्या विधीत, भाग मिळत नसे.

प्रौढांवर बारा वडिलांचे लक्ष असे. ते नगरपरिषदांतून निवडले जात आणि दर गुरुवारी पाळकांसह सभेत बसत. आरंभीच्या वर्षांत या सभेपुढे आलेल्यांना प्रभूची प्रार्थना व मतांगीकार (श्रद्धेचे ठरलेले विधान) म्हणून दाखवावा लागे. जुन्या सवयीने लॅटिनमध्ये पुटपुटणाऱ्यांना ती फ्रेंचमध्ये शिकण्यास व उपदेशाला नेमाने येण्यास सांगितले जाई. ही देखरेख अनेकांना जाचक वाटली, हे नाकारता येत नाही. प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून नगराधिकाऱ्यांशी १५५५ पर्यंत संघर्ष चालला.

या व्यवस्थेचे मर्म मात्र शुक्रवारच्या बैठकीत आहे. त्या दिवशी नगरातील व खेड्यांतील पाळक एकत्र येत. पाळीपाळीने एकजण पवित्र शास्त्रातील उताऱ्याचे विवेचन करी, मग इतर त्यात भर घालीत किंवा दुरुस्ती सुचवीत, आणि हे सारे ऐकायला सामान्य लोकही येत. शिवाय दर तीन महिन्यांनी पाळक एकमेकांचे दोष समोरासमोर सांगत. स्वतः कॅल्व्हिनही पाळकांच्या या मंडळाचे सदस्य होते. दुसऱ्याला शिकवणाऱ्याने अखेरपर्यंत विद्यार्थी राहावे, ही अपेक्षा इथे केवळ उपदेशात राहिली नाही, तिला आठवड्याचा ठरलेला वार मिळाला.

नवा पाळक नेमताना आधी त्याचे शास्त्रज्ञान व आचरण पाळकच तपासत, नंतर परिषदेची मान्यता व मंडळीची संमती घेतली जाई. १५५९ मध्ये पाळकांना शिक्षण देणारी अकादमी सुरू झाली; थिओडोर बेझा तिचे पहिले रेक्टर (प्रमुख). त्याच सुमारास जिनीव्हात तयार झालेले पाळक छळ सोसणाऱ्या फ्रेंच मंडळ्यांकडे गुप्तपणे पाठवले जात होते.

जिनीव्हात राहून गेलेले स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्स यांच्यामुळे ही रचना स्कॉटलंडमध्ये रुजली आणि प्रेसबिटेरियन म्हणून ओळखली जाऊ लागली. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याच परंपरेत वाढले होते. पाळकासोबत वडिलांनी मंडळीचा कारभार पाहण्याची त्यांच्या पंथाची रीत अशा मार्गाने मराठी ख्रिस्ती लोकांपर्यंत आली.