दूरशिक्षणातली सोबत : पावणेदोनशे वर्षांची पार्श्वभूमी

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरच्या शाळा एकामागून एक बंद झाल्या. युनेस्कोच्या मोजणीनुसार त्या काळात १९० हून अधिक देशांतले दीडशे कोटींवर विद्यार्थी घरी होते. पहिले काही आठवडे सगळी धावपळ झाली ती धडे पोचवण्याची. कोणतं अ‍ॅप वापरायचं, टीव्हीवर किती वाजता कोणता विषय दाखवायचा, लिंक कुणी पाठवायची, याच चर्चा. धडा पोचल्यावर पलीकडे मूल आहे का, आणि असलं तर महिनाभराने राहील का, हे प्रश्न मागाहून आले. हायस्कूलच्या वर्गांत ते सर्वांत टोकदार होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून घरचे अभ्यास करून घेऊ शकत नाहीत. त्याला ते आवडत नाही आणि बीजगणिताच्या पुढे घरच्यांचाही हात आखडतो. दुसरीकडे, कुणी न विचारता महिनोन्‌महिने स्वतःचं वेळापत्रक सांभाळण्याइतकं ते मोठंही झालेलं नसतं.

यातलं काहीच नवं नव्हतं. दूरशिक्षणात हा पेच प्रत्येक पिढीत आला आणि प्रत्येक पिढीने त्याचं जवळपास सारखंच उत्तर शोधलं. गंमत अशी की पुढचं माध्यम आलं की ते उत्तर बाजूला पडे. पत्र, रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, काहीही असो, आधी धडा पाठवण्याची सोय होई. मुलामागे उभं राहणारं माणूस नंतर, तक्रारी वाढल्यावर नेमलं जाई.

सुरुवात टपालापासून. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचा, तो तपासून परत यायचा. हा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे स्वस्त टपालाचं कौतुक करून पुढे जातात. मला महत्त्वाचं वाटतं ते परतीचं पाकीट. छापील पुस्तिका आधीही विकल्या जात होत्या. अमुक विद्यार्थ्याचं अमुक जागी चुकलं, हे त्याचं त्याला घरी कळवण्याची सोय मात्र नवी होती.

त्याहून पुढची उडी १८७३ मध्ये बॉस्टनमध्ये पडली. अ‍ॅना टिकनर यांनी घरबसल्या अभ्यासाला उत्तेजन देण्यासाठी एक संस्था काढली. सतरा वर्षांपुढच्या मुली आणि स्त्रिया तिच्यात येत. तेव्हा उच्च शिक्षणाची दारं बहुतेकींना बंदच होती. काम पत्रांवर चाले. प्रत्येक विद्यार्थिनीशी संस्थेतली एक बाई दरमहा पत्रव्यवहार करी. काय वाचलं, काय कळलं नाही, पुढे काय घ्यावं, सगळं पत्रात. पुस्तकंही टपालाने उसनी मिळत. पदवी नाही, मोठी फी नाही. २४ वर्षांत सात हजारांहून जास्त जणी या संस्थेतून शिकल्या. शिकवणाऱ्या बहुतेक बिनपगारी होत्या आणि सगळा डोलारा टिकनरबाईंच्या चिकाटीवर उभा होता. १८९६ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी संस्था बंद झाली. दूरशिक्षणात मुलांशी नातं ठेवण्याचं काम असं कुणाच्या तरी हौसेवर सोपवलेलं असणं, ही रीत तेव्हापासूनची आहे आणि ती अजून गेलेली नाही.

याच सुमाराला पत्रद्वारा शिक्षणाचा धंदाही अमेरिकेत भरभराटीला आला. जाहिरात जोरात, फी आगाऊ. अर्ध्यावर सोडणाऱ्याचे पैसे परत द्यायचे नसल्यामुळे आणि त्याच्या वह्याही तपासायच्या नसल्यामुळे, जो लवकर गळेल तो जास्त नफा देऊन जाई. अशा हिशोबात विद्यार्थ्याला धीर देत बसायला वेळ कुणाला असणार? हा हिशोब लक्षात ठेवावा. शंभरेक वर्षांनी त्याच्या अगदी उलटा हिशोब एका ठिकाणी मांडला गेला, तो पुढे येईल.

शाळकरी मुलांपर्यंत टपाल पोचलं ते विसाव्या शतकात. दूरवरच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी न्यूझीलंडने १९२२ मध्ये सरकारी पत्रशाळा काढली, तीही एका शिक्षिकेवर. पण हायस्कूलच्या दृष्टीने सर्वांत शहाणा प्रयोग मला १९२३ चा वाटतो, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर या लहान गावातला. तिथल्या शाळेला मुलांना तऱ्हेतऱ्हेचे व्यवसायविषय शिकवायचे होते आणि प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक ठेवणं परवडणारं नव्हतं. शाळेने बाहेरून पत्रद्वारा अभ्यासक्रम मागवले, पण मुलांना घरी नाही पाठवलं. शाळेच्या वेळापत्रकातच त्यासाठी तास ठेवला आणि त्या तासाला एक शिक्षक देखरेखीला बसवला. त्या शिक्षकाला विषय येत असलाच पाहिजे अशी अट नव्हती. मुलगा वेळेवर बसतो ना, वही वेळेवर टपालात पडते ना, अडला तर नेमकं कुठे अडला, हे त्याने पाहायचं. विषयातलं शिकवणं बाहेरून, पाठीशी असणं आतून. पुढे १९२९ पासून नेब्रास्का विद्यापीठाने हीच देखरेखीची पद्धत लहान हायस्कुलांसाठी मोठ्या प्रमाणावर चालवली. विषय शिकवणारा आणि मुलाला धरून ठेवणारा ही दोन कामं वेगळी आहेत आणि ती दोन वेगळी माणसं करू शकतात, ही समज इतक्या जुन्या काळातली आहे.

रेडिओ आला आणि ती मागे पडली. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोच्या शाळा उघडणं लांबलं, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी शहरातल्या रेडिओ केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू झाले आणि वर्तमानपत्रांनी वेळापत्रक, प्रश्न छापले. मुलं हायस्कूलची नव्हती, तरी हा प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण पालकांच्या शंकांसाठी शिक्षकांना फोनवर बसवलं होतं आणि पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले. माणसं वाढवावी लागली. पाठ फार भरभर होतात, ऐकताना हात वर करून थांबवता येत नाही, अशा अडचणी होत्या. २०२० मध्ये आपण ज्या तक्रारी नव्या म्हणून ऐकल्या, त्यातल्या पुष्कळशा या दोन-तीन आठवड्यांत सापडतात.

ऑस्ट्रेलियात रेडिओ जास्त समजुतीने वापरला गेला, त्याचं कारण तिथे तो आधीपासून दुतर्फा होता. आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायाने पेडल मारून चालणारा बिनतारी संच विमानातून येणाऱ्या डॉक्टरांना बोलावण्यासाठी दूरवरच्या गुराखी वस्त्यांवर पोचलेला होता. अ‍ॅडलेड मीथके या शिक्षिकेने पाहिलं की या वस्त्यांवरची मुलं फार बुजरी आहेत. पत्रशाळेचे धडे येतात, पण बरोबरीचं कुणी भेटतच नाही. त्यातून १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला आकाशवाणीवरची शाळा सुरू झाली. तिथेही आरंभी शिक्षिकेने बोलायचं आणि मुलांनी ऐकायचं असंच होतं. लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी मुलांनी प्रश्न विचारायची वेळ ठेवली गेली. शेकडो किलोमीटर अंतरावरची दोन मुलं एकमेकांचा आवाज ओळखू लागली, ती त्या वेळेमुळे. घरी आई किंवा नेमलेली ताई शेजारी बसे, तिचं काम वेगळंच.

टीव्हीच्या बाबतीत मेक्सिकोचं उदाहरण ठळक आहे. १९६८ मध्ये तिथे 'टेलिसेकुंदारिया' सुरू झाली. प्राथमिक शाळा संपली पण गावात पुढची शाळा नाही, अशा साधारण बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी. पाठ टीव्हीवरून येत, पण मुलं घरी बसून पाहत नसत. गावातल्या एका खोलीत जमत आणि तिथे एकच शिक्षक सगळ्या विषयांसाठी हजर असे. टीव्ही बंद झाल्यावर खरा तास सुरू होई. ही व्यवस्था अजून चालू आहे. मोठमोठी माध्यमं आली आणि गेली, ती मात्र टिकली, याचं श्रेय मी त्या खोलीतल्या माणसाला देतो.

सिद्धांत लिहिणारे याच काळात जागे झाले. बर्ये होल्मबर्ग यांनी मांडलं की दूरशिक्षणाचा मजकूर गप्पांसारखा, आपुलकीचा असावा. वाचणाऱ्याला कुणी तरी आपल्याशी बोलतंय असं वाटलं तर तो टिकतो. मायकेल मूर यांनी म्हटलं की अंतर मैलांचं नसतं, संवाद किती आणि चौकट किती लवचिक यावर ते ठरतं. पुढे कॅनडात २००० मध्ये गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी ऑनलाइन वर्गात शिक्षकाचं, विचारांचं आणि माणसांचं असं तिहेरी अस्तित्व लागतं, असं सांगितलं. यातलं बहुतेक लेखन प्रौढ विद्यार्थी समोर ठेवून झालेलं होतं. किशोरांसाठी वेगळी मांडणी व्हायला २०१४ उजाडलं. बोरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकाबरोबर पालक आणि सोबती यांनाही हिशोबात धरलं. जे बेंटन हार्बरला नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं, ते कागदावर आलं.

आता तो उलटा हिशोब. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात सरकारी ऑनलाइन हायस्कूल सुरू झालं. शिक्षकांनी विद्यार्थ्याशी आणि पालकांशी नियमाने फोनवर बोलायचं, ही तिथली पद्धत. आणि २००३ च्या सुमारापासून राज्याने त्याचं अनुदान अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा करणाऱ्या मुलांशी जोडलं. नाव घातलं म्हणून पैसे नाहीत, पार पडलं म्हणून पैसे. मग मागे पडलेल्या मुलाला फोन करणं ही भलाई राहिली नाही, कामाचा भाग झाली. या पद्धतीलाही खोट आहे: पैसे उत्तीर्ण होण्यावर असले की उत्तीर्ण करण्याचा मोह होतो. तरी गळणाऱ्या मुलावर नफा कमावण्यापेक्षा ते बरंच बरं.

त्याच देशात पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांचं, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांचं, चित्र निराळं निघालं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत या शाळांतली मुलं नेहमीच्या शाळांतल्या सारख्या मुलांपेक्षा गणितात वर्षाला १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि वाचनात ७२ दिवसांइतकी मागे आढळली. १८० दिवस म्हणजे तिथलं अख्खं शालेय वर्ष. त्याच वेळच्या दुसऱ्या अभ्यासात कारणाचा धागा सापडतो: नेहमीच्या शाळेत मुलाला एका दिवसात जेवढा शिक्षकासमोरचा वेळ मिळतो, तेवढाही या शाळांत आठवड्याभरात मिळत नव्हता. मुलांचं लक्ष टिकवणं हीच सर्वांत मोठी अडचण, असं खुद्द तिथल्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं.

म्हणजे २०२० उजाडलं तेव्हा हे सगळं छापील स्वरूपात हाताशी होतं. वापरायला सवड नव्हती, हे मान्य. त्यात मूळची दरी: युनिसेफच्या अंदाजाने किमान ४६ कोटी मुलांपर्यंत दूरशिक्षणाचं कोणतंच साधन पोचू शकलं नाही. ज्यांच्यापर्यंत पोचलं त्या हायस्कूलच्या मुलांचे कॅमेरे बंद होते आणि त्यावरून बराच वाद झाला. शिक्षकांना ते बेफिकिरीचं लक्षण वाटलं. मुलांना स्वतःचा चेहरा, मागची खोली, घरातली माणसं वर्गाला दाखवायची नव्हती. त्या वयात या लाजेला फार वजन असतं. कॅमेऱ्याची सक्ती हजेरी दाखवते, त्यापलीकडे तिचा उपयोग मला कधी पटला नाही.

मनावर काय झालं, याचे आकडे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या पहिल्या सहामाहीत हायस्कूलच्या मुलांकडून गोळा केले. ४४ टक्के मुलांनी सतत उदास किंवा हताश वाटत असल्याचं सांगितलं. शाळेतल्या माणसांशी आपली जवळीक आहे असं म्हणणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३५ टक्के होतं, तसं न वाटणाऱ्यांत ५३ टक्के. जवळिकीमुळेच उदासी कमी झाली असं यावरून सिद्ध होत नाही. उदास मूल आपणहून दूर जातं, हेही खरं. पण इतका फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

उपाय करून पाहणाऱ्यांपैकी दोन प्रयोग नोंदवण्यासारखे आहेत. इटलीत २०२० च्या वसंतात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून सहावी ते आठवीच्या मागे पडलेल्या मुलांना एकास एक ऑनलाइन शिकवलं, आठवड्यातून काही तास. मुलांची विषयांतली प्रगती तर झालीच, त्यांची मनःस्थितीही सुधारली. बोत्सवानामध्ये काही घरांना आठवड्याला गणिताचे एसएमएस गेले, काहींना एसएमएस आणि त्यासोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने फारसं काही झालं नाही. फोन जोडल्यावर फरक पडला. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या देशांत फोनची ही पद्धत तपासली गेली आणि सरकारी शिक्षकांनी फोन केले तेव्हाही ती चालली. साधा फोन, इंटरनेट नाही.

बोत्सवानातली मुलं प्राथमिक शाळेतली होती. हायस्कूलला हाच उपाय लावताना एक अडचण आडवी येते आणि ती तंत्राची नाही. खालच्या वर्गांत मुलाचा एक शिक्षक असतो, फोन कुणी करायचा हे ठरलेलं असतं. हायस्कूलमध्ये विषयाला एक असे सहा-सात शिक्षक. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कुणी तरी विचारलं असेल. मूल एका विषयात गैरहजर दिसतं तेव्हा तो त्या विषयाचा प्रश्न धरला जातो. ते सगळ्याच विषयांतून नाहीसं झालंय हे कळायला सगळ्या हजेऱ्या एकत्र पाहणारं कुणी लागतं. म्हणून अलीकडे ज्या ऑनलाइन हायस्कुलांत गळती कमी ठेवण्याचा गंभीर प्रयत्न होतो, तिथे ठरावीक मुलांच्या गटामागे एक मार्गदर्शक नेमतात. विषय त्याने शिकवायचा नसतो. आठवड्याला एकदा बोलायचं, राहिलेली कामं बघायची, घरी कळवायचं. त्या बोलण्याचे तास वेळापत्रकात आणि पगारात धरायचे की शिक्षकांनी ते आपल्या वेळातून काढायचे, याचा निकाल अजून ज्या त्या शाळेवर सोडलेला आहे.